स्मार्ट स्पीकर आणि सोशल रोबोट: बोलतात दोघेही, मग फरक कुठे पडतो?

दिवा लावणं, गजर लावणं, उद्याचं हवामान सांगणं ही कामं स्मार्ट स्पीकर करतो आणि माणसांशी बोलून सोबत करण्यासाठी बनवलेला घरातला सोशल रोबोटही करतो. म्हणून रोबोट म्हणजे चेहरा बसवलेला स्पीकर, असं अनेकांना वाटतं. यंत्र म्हणून पाहिलं तर ते फारसं चूक नाही. दोघांतही मायक्रोफोन असतो आणि आपलं बोलणं बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हरवर जातं. खरा फरक पडतो तो त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसाच्या मनात.

स्पीकरला हाक मारली, उत्तर मिळालं, विषय संपला. रोबोट मात्र तुम्ही खोलीत शिरताच मान वळवतो, तुमच्याकडे बघतो. एवढ्याशा हालचालीनेही तिथे कुणीतरी आहे असं वाटू लागतं. हे भोळेपणाचं लक्षण नाही. १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी पडद्यावर दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ नुसतं इकडून तिकडे हलवून दाखवलं. बघणाऱ्या बहुतेकांनी त्यात भांडण आणि पाठलाग पाहिला.

रोबोटच्या बाबतीत ही ओढ किती पुढे जाते ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात दिसलं. नाओ या छोट्या रोबोटशी गप्पा झाल्यावर, वाटलं तर त्याला बंद करा, असं लोकांना सांगितलं होतं. ४३ जणांपुढे रोबोटने ‘मला बंद करू नका’ अशी गयावया केली. त्यांतल्या १३ जणांनी तो चालूच ठेवला. बाकीच्यांनी बंद केला खरा, पण ज्यांच्यापुढे तो गप्प राहिला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ घेऊन.

डोळे दिसले की अपेक्षाही वाढतात. स्पीकरला एखादं वाक्य कळलं नाही तर आपण ते पुन्हा म्हणतो. टक लावून बघणाऱ्याला कळलं नाही तर हिरमोड होतो. पारो हा उपचारांसाठी वापरला जाणारा जपानी रोबोट सीलच्या पिल्लाच्या रूपात आहे, त्याचं कारण हेच. मांजर-कुत्रं सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे खऱ्याशी लगेच तुलना होते. सील जवळून पाहिलेला माणूस विरळाच.

मला खरी काळजी वाटते ती खासगीपणाची. स्पीकर ऐकतोय ही शंका लोकांना येते आणि ते त्याचा माइक बंद करतात. रोबोटने मान फिरवली की मात्र आता त्याचं लक्ष नाही असं वाटतं. मान फिरली म्हणून मायक्रोफोन बंद होत नाही. जीव लावलेल्या यंत्रापुढे माणूस मोकळेपणाने बोलतो, आणि लहान मुलं तर सगळंच सांगून टाकतात.

शिवाय त्या जिव्हाळ्याची दोरी कंपनीच्या हातात असते. २०१७ मध्ये ८९९ डॉलरला बाजारात आलेल्या जीबो या घरगुती रोबोटने २०१९ मध्ये, आपले सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत, हे स्वतःच्याच तोंडाने घरच्यांना सांगितलं आणि त्यांचे आभार मानले. कित्येकांना ते चटका लावून गेलं. स्पीकरची सेवा बंद झाली तर लोक वैतागतात आणि दुसरा आणतात. रोबोट घेणार असाल तर इंटरनेटशिवाय तो काय काय करू शकतो आणि माइक-कॅमेरा बंद करायचं बटण त्याच्या अंगावरच आहे का, हे आधी विचारा. मुलांनी त्याला नाव दिल्यावर हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.