स्टर्टचा वाळवंटी वाटाणा : नावाआधीची गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या लाल मातीवर चांगला पाऊस झाला की जमिनीलगत पसरणाऱ्या राखाडी-हिरव्या वेलींवर गडद लाल फुलं येतात. बोटभर लांब फूल आणि त्याच्या मध्यावर चकचकीत काळा फुगवटा. वाटाण्याच्या कुळातलं हे फूल जगाला ‘स्टर्ट्स डेझर्ट पी’ म्हणून ठाऊक आहे. पण ज्याचं नाव त्याला लागलं तो ब्रिटिश शोधप्रवासी चार्ल्स स्टर्ट त्या वाळवंटात शिरला, त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी ते खुडलं गेलं होतं.

१६९९ साली इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या बेटांवर गोडं पाणी शोधत उतरला. पाणी मिळालं नाही, पण जमिनीवर सरपटणाऱ्या एका वेलीचं घेवड्यासारखं, पण त्याहून बरंच मोठं लाल फूल त्याने टिपून ठेवलं. परतताना १७०१ मध्ये अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाजवळ त्याचं ‘रोबक’ जहाज बुडालं. त्याने खुडून वाळवलेली झाडं मात्र वाचली आणि आज ती ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

स्टर्ट १८४४ मध्ये अ‍ॅडलेडहून निघाला तो खंडाच्या मध्यभागी समुद्र सापडेल या आशेने. समुद्र नव्हताच; ओसाड जमिनीवर या फुलांचे ताटवे मात्र भेटले, आणि नाव त्याचं लागलं. शास्त्रीय नावही स्थिर राहिलं नाही. १८३२ मध्ये ‘डोनिया’, पुढे बराच काळ ‘क्लायँथस’, १९९० पासून ‘स्वेन्सोना फॉर्मोसा’.

व्हिक्टोरिया सोडून मुख्य भूमीवरच्या सगळ्या राज्यांच्या कोरड्या पट्ट्यात, मलगा या बाभळीच्या जातीतल्या झाडांच्या विरळ रानात ते उगवतं. बियांचं कवच इतकं टणक, की त्या वर्षानुवर्षं मातीत पडून पावसाची वाट पाहतात. रोप रुजलं की सोटमूळ झपाट्याने खोल जातं. त्या मुळाला ओल साचलेली अजिबात खपत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या माळ्यांना ते काचगृहांत जगवताना दुसऱ्या झुडपावर कलम करावं लागलं.

१९६१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाने त्याला राज्यफूल केलं. तिथल्या सरकारी जमिनीवरून ते परवान्याशिवाय तोडता येत नाही.

डँपियरच्या कितीतरी आधीपासून त्या मातीवर राहणाऱ्या लोकांपैकी पिटजनजारा भाषक त्याला ‘मलुकुरु’ म्हणतात : लाल कांगारूचे डोळे.