फियाट की पद्मिनी? घरच्या जुन्या गाडीची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसाला घरची पहिली गाडी कोणती, असं विचारलं तर बहुतेक वेळा ‘फियाट’ हेच उत्तर येतं. त्याच गाडीचं आरसी बुक उघडलं तर मात्र त्यात अनेकदा ‘प्रीमियर पद्मिनी’ लिहिलेलं असतं. जुन्या गाड्यांच्या आठवणी निघाल्या की या दोन नावांचा घोळ होतो आणि गाडीचं कौतुक किंवा तिच्यावरचा राग चुकीच्या पत्त्यावर जातो. म्हणून आधी नावाचं बघू.

मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात ‘फियाट’ या इटालियन कंपनीच्या परवान्यावर ‘फियाट ११००’ ही गाडी बनू लागली ती पन्नासच्या दशकात. त्या पहिल्या गोलमटोल मॉडेलला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. (गावाकडे ‘डुक्कर’ म्हटलं की तीनचाकी टेम्पो डोळ्यांपुढे येतो, त्याचा इथे संबंध नाही.) मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत १९६४ मध्ये डिलाइट आली. चौकोनी बांधा, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. लोकांच्या मनात बसलेली ‘फियाट’ ती हीच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परवान्याचा करार संपला आणि इटालियन नाव वापरायची मुभा गेली. गाडी वर्षभर ‘प्रेसिडेंट’ म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून ती पद्मिनी झाली. आत जवळपास सगळं तेच राहिलं. गॅरेजवाला दुकानात ‘फियाटचा पेट्रोल पंप द्या’ म्हणून माणूस पाठवायचा आणि बरोबर तोच पंप यायचा. टॅक्सीवाले फियाटच म्हणत राहिले. नाव बदललं तरी वस्तू बदलली नाही, मग लोकांनी तरी का बदलावं? कागदावरचं पद्मिनी हे नाव लोकांच्या तोंडी यायला पुढे पाव शतक लागलं, आणि ते आलं तेव्हा गाडी जायला निघाली होती.

मुळात १९६४ चा बांधा नव्वदच्या दशकापर्यंत टिकला कसा? कारखान्याला दोष देणारे बरेच आहेत. माझ्या मते खरं मूळ सरकारी धोरणात आहे. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवान्यात ठरलेलं होतं. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने गाड्यांचं वाटप आणि विक्री सरकारच्या हातात आली. १९६९ मध्ये सरकारने किमतीच बांधून दिल्या, त्यावर कारखाने सर्वोच्च न्यायालयात गेले. किंमत बांधलेली, गिऱ्हाईक रांगेत उभं, परदेशी गाडीची स्पर्धा नाही. अशा वेळी नवा साचा पाडायला पैसा कोण घालणार? गिऱ्हाइकाची लूट होऊ नये म्हणून किमती बांधल्या, असं त्या निर्णयाचे समर्थक म्हणत, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण लूट थांबली नाही, ती दुसऱ्या दारातून आत आली. नंबर लागलेला माणूस गाडी घेऊन वर ‘ऑन’, म्हणजे किमतीवरचे जादा पैसे, लावून विकायचा. वापरलेली गाडी कारखान्याच्या दरापेक्षा महाग जायची. किमतीवरचं हे नियंत्रण सत्तरच्या दशकाच्या मध्यावर उठलं, तरी रांगेची सवय उठायला मारुती यावी लागली.

नावडत्या आठवणींची मुळंही याच काळात आहेत. आमच्याकडे १९७८ ची पद्मिनी १९८६ मध्ये सेकंडहँड आली. आधीच्या मालकाने ती मुंबईत समुद्राच्या वाऱ्यावर उघड्यावर ठेवलेली. मागच्या सीटखालचा पत्रा सडला होता. एका गॅरेजवाल्याने ठिगळाचे पैसे घेतले आणि नुसतं डांबर फासून वर रबरी मॅट टाकून दिली. जुलैत पहिल्या खड्ड्यातलं पाणी थेट माझ्या पायांवर आलं. शाळेचे मोजे ओले झाले त्यापेक्षा बाबांचा पडलेला चेहरा जास्त आठवतो.

आणि खंडाळ्याचा घाट. द्रुतगती मार्ग होण्याआधी मे महिन्यात घाटाच्या कडेला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच दिसायची. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनला खेटून बसवलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंप नुसती वाफ ओढत राहायचा आणि गाडी आचके देत बंद पडायची. उपाय ठरलेला होता : पंपावर ओलं फडकं. आई पाण्याचा कॅन आणि जुन्या धोतराचा तुकडा पायाशी घेऊनच बसायची. शिंग्रोबाच्या देवळापाशी बाबा नाणं टाकायचे, फडकं पुन्हा भिजवायचे, चोक न ओढता हलकेच स्टार्टर द्यायचे. गाडी लागली की मागच्या सीटवर आम्ही चौघं टाळ्या वाजवायचो. पुढच्या दारातली त्रिकोणी काच वळवली की वारा थेट आईच्या तोंडावर येई. तसा वारा मला नंतरच्या कुठल्याच गाडीत मिळाला नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती गेली आणि चित्र पालटलं. ७९६ सीसीची ती गाडी थंडीत पहिल्या किल्लीला सुरू व्हायची, घाटात तापायची नाही. कुर्ल्याहून वन-वन-एट एनई ही नवी गाडी आली, पद्मिनीला डिझेल इंजिन मिळालं, पुढे गिअरही स्टिअरिंगवरून खाली आला. पण घरगुती गिऱ्हाईक निघून गेलं होतं. १९९६ मध्ये ‘फियाट उनो’ ही नवी गाडी आली तेव्हा इटालियन नाव पुन्हा कुर्ल्यात परतलं. काही काळ एकाच कारखान्याशी दोन ‘फियाट’ जोडलेल्या होत्या, एक खरी आणि एक लोकांनी म्हटलेली. घोळ आणखी वाढला.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. मुंबईत टॅक्सीसाठी आधी २५ आणि २०१३ पासून २० वर्षांची वयोमर्यादा लागली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, तिची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी ‘पद्मिनी’ला निरोप दिला. घराघरांत मात्र ‘फियाट गेली’ असंच म्हटलं गेलं.

ही मर्यादा टॅक्सीची आहे. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते, हरित कर भरावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदवता येते. म्हणजे १९७४ च्या पद्मिनीला २०२४ पासून तो मान मिळू शकतो. पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून ज्यांना रविवारी घरच्यांना घेऊन लोणावळ्याला जायचं असतं, ते अजून साधीच नोंदणी वाढवून घेतात.