सिलिकॉन वंगण

सिलिकॉन वंगण हे पॉलिडायमिथिलसिलोक्झेन या तेलापासून बनवलेले वंगण आहे. जिथे रबर किंवा प्लास्टिक कशावर तरी घासते, ती त्याची खरी जागा. बाजारात ते पातळ तेल, स्प्रे आणि ग्रीस अशा रूपांत मिळते. तेलात सिलिकेची (वाळूतल्या मुख्य द्रव्याची) अतिबारीक भुकटी घोटली की पांढुरके, अर्धपारदर्शक ग्रीस तयार होते. फटी बुजवायचे सिलिकॉन सीलंट ही अगदी वेगळी वस्तू आहे. सीलंट सुकून रबर होते, वंगण सुकत नाही.

या तेलाच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या एकाआड एक अणूंचा असतो. म्हणून ते कडाक्याच्या थंडीत गोठत नाही, उन्हात तापलेल्या गाडीतही फार पातळ होत नाही, पाण्याने धुऊन जात नाही आणि त्यातून वीज वाहत नाही. १९४३ साली स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग कंपनीचे सिलिकॉन ग्रीस दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इग्निशन जोडण्यांत ओल शिरू नये म्हणून वापरले गेले. आज स्पार्क प्लगच्या रबरी टोपीत आतून ग्रीसचा हलका हात फिरवतात, तो त्याच कारणासाठी.

मशीनचे तेल, साधे ग्रीस, व्हॅसलिन ही सगळी खनिज तेलाची भावंडे. मोटारीच्या दाराचे रबर बहुधा ईपीडीएम जातीचे असते. खनिज तेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि खाचेतून बाहेर येऊ लागते. सिलिकॉनने तसे होत नाही. अपवाद एकच, पण महत्त्वाचा: खुद्द सिलिकॉन रबराची रिंग सिलिकॉन तेलाने फुगते.

पावसाळ्यात पॉवर विंडोची काच रखडत चढते, तेव्हा दोष बहुतेकदा काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचेत साचलेल्या चिखलाचा असतो. काच पूर्ण खाली घ्यावी. जुन्या टूथब्रशला कापड गुंडाळून साबणाच्या पाण्याने खाच वरपासून खालपर्यंत पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. ही पायरी गाळून धुळीवरच स्प्रे मारला, तर तेल आणि मातीचा लगदा होऊन काचेवर उभे ओरखडे पडतात. मग स्प्रेची नळी खाचेत धरून दर बाजूला एक-दोन सेकंद फवारावे, काच चार-पाच वेळा वरखाली करावी आणि तिच्यावर आलेला तेलकट थर पुसून टाकावा. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, किंवा ती तिरकी चढते, तर रेग्युलेटर (काच वरखाली करणारी दारातली यंत्रणा) तपासावा; तिथे वंगणाचा उपयोग नाही. दाराच्या रबरावर मात्र थेट फवारू नये. कापडावर घेऊन चोळावे, म्हणजे सीटवर आणि रंगावर तुषार उडत नाहीत.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यांवर रबरी बूट (टोप्या) असतात, म्हणून तिथे ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावतात. डिस्क आणि पॅडला त्याचा डागही लागता कामा नये.

घरात पाण्याच्या फिल्टरच्या हाउसिंगमधील (बाहेरच्या भांड्यातील) ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या गोल रबरी कड्याला, फूड-ग्रेड (खाण्यापिण्याच्या वस्तूंजवळ चालणारे) सिलिकॉन ग्रीस लावावे. रिंग काढून पुसावी, डाळीच्या दाण्याएवढे ग्रीस बोटांत घेऊन ती फिरवावी. रिंग नुसती चमकली पाहिजे. ग्रीस जास्त झाले तर आवळताना रिंग खाचेतून सरकते आणि पाणी गळते. स्लायडिंग खिडकीचा रूळ आधी ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसावा, मगच फवारावा. चाके झिजून चपटी झाली असतील, तर ती बदलण्यावाचून इलाज नाही. ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली शुद्ध सिलिकॉन तेलच घालावे, आणि तेही उत्पादकाने सांगितले असेल तर व तेवढेच.

धातूवर धातू दाबाखाली घासतो तिथे हे वंगण कमजोर पडते. त्याचा थर भाराखाली तुटतो, म्हणून बाइकची चेन किंवा जड दाराची बिजागरी यांना त्यांचेच तेल हवे. ठिणगी उडणाऱ्या स्विच किंवा रिलेजवळ ते वापरू नये: त्याची वाफ ठिणगीत जळून सिलिका बनते आणि संपर्कबिंदूंवर वीजरोधक थर बसतो. इंजिनाच्या हवेच्या वाटेत गेले तर ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो. टायरची नक्षी, बाइकची सीट, पायाची पॅडल आणि फरशी यांवर ते पडले तर माणूस घसरतो. फवारण्याआधी खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. बहुतेक डब्यांत ज्वलनशील वायू असतो, तेव्हा गॅसची शेगडी आणि देवाजवळचा दिवा बंद असावा.

पेंट शॉपमध्ये तर हा डबा आणूच देत नाहीत. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला, की नवा रंग तिथून मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. रंगारी त्यांना फिश आय म्हणतात. तेल पाण्यात विरघळत नसल्याने साध्या धुण्याने ते निघत नाही. त्यासाठी मेणतेल काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसावे लागते, एका कापडाने लावून ओले असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलत. तेच कापड पुन्हा फिरवले, तर सिलिकॉन फक्त पसरते.