सूर आधी ठाऊक हवा

विसर्जनाच्या मिरवणुकीत तुम्ही लक्ष्मी रोडवर उभे आहात. ढोल-ताशांच्या दणदणाटात शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. तेवढ्यात तुमचा फोन वाजतो आणि हात आपोआप खिशाकडे जातो. फोनचा आवाज काही ढोलापेक्षा मोठा नसतो, फक्त ती धून तुमच्या ओळखीची असते. शेजाऱ्याचा फोन तेवढ्याच जोरात वाजला असता तर तुम्हाला पत्ताही लागला नसता.

त्याच पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, काही माणसांनी गोंगाटातून ओळखीचा सूर उचलण्याच्या या एका गोष्टीवर आयुष्याची कित्येक वर्षं घालवली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली आयुका, म्हणजे ‘आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र’ ही संस्था स्थापन केली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. नावातच ‘आंतर-विद्यापीठ’ आहे. देशभरातल्या विद्यापीठांतल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी इथे यावं, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, चार माणसांशी वाद घालावा आणि परत जाऊन आपल्या विभागात काम करावं, ही कल्पना. इथेच डॉ. संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या (प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या) सिग्नल-विश्लेषणाचा गट उभा केला. गंमत म्हणजे तेव्हा गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष पकडू शकेल असं यंत्र जगात कुठेच नव्हतं. पाहुण्यांना दाखवायला ना दुर्बीण, ना प्रयोगशाळा. फळा, कागद, संगणक आणि गणित, एवढंच. अशा केंद्राला पैसे द्यायला धाडस लागतं, असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न असा होता. दोन कृष्णविवरं किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरता फिरता जवळ येतात, वेग वाढत जातो आणि शेवटी ते एकमेकांवर आदळतात. त्यातून निघणाऱ्या लहरीची पट्टीही चढत जाते आणि जोरही. चिमणीच्या ‘चिव्’सारखा हा सूर म्हणून त्याला चर्प म्हणतात. सूर कसा चढेल, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरून आधीच काढता येतं. पण पृथ्वीवर पोचेपर्यंत तो इतका क्षीण होतो की लहर टिपणाऱ्या यंत्राच्या ४ किलोमीटरच्या नळीच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा भरतो. जमिनीची थरथर, आरशांच्या अणूंची हालचाल, लेझरच्या प्रकाशाचा स्वतःचा चंचलपणा या सगळ्यांचा गोंगाट त्याच्या वर.

त्यावरचा उपाय लष्करी घराण्यातला आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ साली मांडलेला ‘मॅच्ड फिल्टर’. नाव भारदस्त असलं तरी कृती गुणाकार-बेरजेची आहे. समजा, ओळखीच्या सुराचा साचा म्हणजे १०० आकडे, प्रत्येक आकडा +१ किंवा −१. यंत्राच्या नोंदीत तोच सूर दडलाय, पण प्रत्येक आकड्यावर साधारण ±३ एवढा गोंगाट बसलाय. कुठलाही एक आकडा उचलून पाहा, काही कळणार नाही. आता नोंदीतला प्रत्येक आकडा साच्यातल्या त्याच जागच्या आकड्याने गुणा आणि सगळे गुणाकार मिळवा. सुराच्या जागी (+१)×(+१) किंवा (−१)×(−१), म्हणजे दरवेळी १ आणि एकूण १००. गोंगाट मात्र कधी अधिक, कधी उणे. दिशा न ठरवता भटकणारा माणूस १०० पावलांनंतर मूळ जागेपासून साधारण १० पावलांवर असतो. इथे पाऊल ३ चं, म्हणून ३०. शंभरासमोर तीस! सुरापेक्षा गोंगाट तिप्पट असूनही सूर वर आला. आकडे १०,००० असतील तर १०,००० समोर ३००.

अट एकच, साचा बरोबर हवा. आणि इथेच खरी पंचाईत आहे, कारण आदळणाऱ्या ताऱ्यांची वस्तुमानं आधी कुणाला माहीत असणार? वस्तुमान बदललं की सूर बदलतो. म्हणजे साचे पुष्कळ हवेत. तयार शर्टांच्या दुकानात ३८, ४०, ४२ असे नंबर असतात, ३९.३ नसतो, तरी बहुतेकांचं काम भागतं. पण दोन नंबरांत अंतर किती ठेवायचं? फार ठेवलं तर मधल्या अंगाचा माणूस रिकाम्या हाताने परत जातो. फार कमी ठेवलं तर दुकान भरून वाहतं, म्हणजे संगणक कोलमडतो. धुरंधर आणि आयुकातले त्यांचे तरुण सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली ‘फिजिकल रिव्ह्यू डी’ या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापलेला शोधनिबंध या निवडीविषयीच होता. पुढे जगभर हा हिशेब आणखी बारीक झाला. एक अंगवळणी पडलेला नियम असा की साच्यांची मांडणी अशी हवी, की सुराची ताकद फार तर ३ टक्के वाया जावी.

शिवाय सूर कोणत्या क्षणी येणार हेही माहीत नाही, म्हणून प्रत्येक साचा नोंदीवर सरकवत न्यायचा. दहा लाख आकड्यांची नोंद असेल तर सरळ पद्धतीने दहा लाख गुणिले दहा लाख गुणाकार होतात. कूली आणि टुकी यांनी १९६५ साली मांडलेल्या जलद फूरिए पद्धतीने तेच काम काही कोटी क्रियांत होतं. हजारो पटींचा हा फरक नसता तर साच्यांची पेटी कागदावरच राहिली असती.

१४ सप्टेंबर २०१५, भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी अमेरिकेत उभारलेल्या लायगोच्या दोन वेधशाळांवर ०.२ सेकंदांचा एक चर्प आला, लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. शोधात सुमारे अडीच लाख साचे वापरले होते.

पण हा योगायोग नव्हता कशावरून? आकाश बंद करून नुसता गोंगाट तपासता येत नाही. यावरची युक्ती मला सगळ्यात आवडते. दोन वेधशाळांमधलं अंतर ३,००० किलोमीटर, लहरीला ते ओलांडायला फार तर १० मिलिसेकंद लागतात. तर एका वेधशाळेचं घड्याळ मुद्दाम त्याहून जास्त सरकवायचं आणि पुन्हा जुळणी करायची. आता जे जुळेल ते शंभर टक्के खोटं! असं पुन्हापुन्हा सरकवत १६ दिवसांच्या नोंदीतून लाखो वर्षांचा खोटा इतिहास तयार केला. इतका ठळक योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही घडू नये, असं उत्तर आलं. हा शोध जाहीर करणाऱ्या शोधनिबंधाचे आयुकातले शास्त्रज्ञ सहलेखक होते. लायगोची तिसरी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे आणि तिच्या २,६०० कोटींच्या खर्चाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, हे वाचकांना आठवत असेल.

आता एक प्रांजळ कबुली द्यायला हवी. त्या सप्टेंबरात पहिली घंटा वाजवली ती साच्यांनी नव्हे. कुठलाही साचा न वापरता, वेव्हलेट नावाच्या छोट्या तरंगतुकड्यांच्या मदतीने अचानक उसळलेली ऊर्जा शोधणारी एक पद्धत होती, तिने ती वाजवली. सूर इतका खणखणीत होता की स्वच्छ केलेल्या आलेखावर तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. मग कुणीही विचारेल, ‘एवढं साच्यांचं गणित करून काय मिळवलंत?’

उत्तर साडेतीन महिन्यांत आलं. २६ डिसेंबर २०१५, शनिवार, भारतात सकाळचे ९ वाजून ८ मिनिटं; अमेरिकेत अजून नाताळची रात्र सुरू होती. यावेळची कृष्णविवरं लहान होती, सूर्याच्या सुमारे १४ आणि ८ पट. सूर एक सेकंदभर चालला, सुमारे ५५ आवर्तनं, आणि ती सगळी गोंगाटाच्या खाली. आलेख कितीही वेळ न्याहाळा, डोळ्यांना काहीच दिसत नाही. साच्यांची पेटी लावून बसलेल्या संगणकाने तो ७० सेकंदांच्या आत ओळखला.