दोन वेळा १०.५४

महिलांच्या शंभर मीटरच्या इतिहासात १०.५४ सेकंद ही वेळ दोनदा भेटते. पहिल्यांदा १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, अंतिम शर्यतीत अमेरिकेची फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनर, म्हणजे सगळ्यांची फ्लो-जो, धावली तेव्हा. दुसऱ्यांदा ऑगस्ट २०२१मध्ये, अमेरिकेतल्या युजीनला जमैकाची इलेन थॉम्पसन-हेरा धावली तेव्हा. आकडा तोच, पण अधिकृत यादीत इलेनची वेळ आहे आणि फ्लो-जोची ती वेळ नाही.

फरक वाऱ्याचा आहे. धावपट्टीच्या कडेला वारामापक असतो. पिस्तूल वाजल्यापासून १० सेकंद तो वारा मोजतो. पाठीवरचा वारा सरासरी सेकंदाला २ मीटरहून जास्त भरला, तर ती वेळ विक्रमासाठी धरत नाहीत. सोलला तो ३.० होता, युजीनला ०.९. पदकाला मात्र हा नियम लागत नाही, कारण वारा सगळ्याच जणींच्या पाठीशी असतो. म्हणून फ्लो-जोचं सुवर्ण अगदी निखळ आहे. दुसरी आलेली इव्हलिन अॅशफोर्ड १०.८३वर होती, केवढं अंतर!

त्यामुळे ऑलिम्पिक विक्रम म्हणून राहिली ती तिची आधीच्या फेरीतली १०.६२. तो विक्रम ३३ वर्षांनी टोकियोत इलेननेच मोडला: १०.६१, तेही समोरून ०.६चा वारा अंगावर घेत. मला विचाराल तर या सगळ्यांत थोर धाव हीच.

मग विश्वविक्रम १०.४९ कुठला? तोही फ्लो-जोचाच, १६ जुलै १९८८चा, इंडियानापोलिसचा. तिथे गोष्ट उलटी झाली. शर्यतीच्या मापकावर वारा चक्क ०.० दिसला, आणि त्याच सुमारास शेजारच्या तिहेरी उडीच्या मापकावर ४.३! यंत्र बिघडलं असावं, असं अनेक जाणकार मानतात, पण विक्रम कायम आहे. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत १.२ वाऱ्यात ती १०.६१ धावली. तिचा खरा वेग मी या आकड्यावरून मोजते, आणि तोही त्या काळी कुणाच्या स्वप्नात नव्हता. तिच्याआधीचा विश्वविक्रम १०.७६ होता.

दोनशे मीटरला असा वाद नाही. सोलमध्ये शंभरच्या सुवर्णानंतर चारच दिवसांनी ती २१.३४ धावली, वारा १.३. जमैकाची शेरिका जॅक्सन २०२३मध्ये बुडापेस्टला २१.४१पर्यंत पोहोचली. २१.३४ अजून तिथेच आहे.