सेटलमेंटपासून विधी सेवा केंद्रापर्यंत

सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही पत्त्यात लिहिला जातो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. आत हजेरी, बाहेर पडायला परवानगी, पोटासाठी गिरणीतलं काम. ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' म्हटलं जाऊ लागलं. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाची नजर पुन्हा त्याच वस्त्यांकडे वळली.

कायद्याचे विद्यार्थी अशा वस्त्यांपर्यंत पोहोचायला बराच काळ गेला. पुस्तक, परीक्षा, सनद म्हणजे वकिलीचा परवाना आणि मग ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम, असाच शिकण्याचा क्रम होता. पक्षकाराचं तोंड दिसायचं ते पदवीनंतर.

बदलाची सुरुवात आणीबाणीच्या आसपासची. ४२व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक मदतीचं कलम '३९-अ' आणलं. १९७८च्या होस्कोट खटल्यात, म्हणजे महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी वकील देणं हे राज्याचं कर्तव्य ठरवलं. पुढच्याच वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी मथुरा प्रकरणातल्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं; मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार केल्याचा आरोप असलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावं होती. १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, त्यामागे त्या पत्रातून उठलेली चळवळ होती. वर्गात शिकवणाऱ्यांनी वर्गाबाहेर पाऊल टाकलं, ही माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना.

बाकीचं नियमांच्या भाषेत आलं. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ला अमलात आला. विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांत विधी सेवा केंद्रं, म्हणजे लोकांना मोफत कायदेविषयक मदत देणारी केंद्रं, उभी राहावीत, हे काम त्याने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणावर सोपवलं. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची केली.

सोलापुरात विधी सेवा केंद्राच्या कामाचा खरा कस लागतो तो कागदांपाशी. विमुक्त जातीचा दाखला हवा तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१पूर्वी महाराष्ट्रात राहत होतं, याचा पुरावा लागतो. पालावर जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद कुठून आणायची? मग शाळेचा जुना दाखला, चुलत्याचं रजिस्टरमधलं नाव, गावच्या कोतवाल बुकातली, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद शोधत फिरावं लागतं. ज्यांच्या वाडवडिलांची सरकारने रोज हजेरी घेतली, त्यांनाच आज 'तुम्ही इथले कशावरून?' असं विचारलं जातं. हे ऐकून ज्या विद्यार्थ्याला राग येत नाही, त्याला समतेचं कलम पाठ असूनही समजलेलं नाही.

मोफत वकिलाच्या यादीतही एक अन्याय आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. विडी वळणारी बाई त्यामुळे थेट पात्र ठरते. विमुक्त जातींचा मात्र या यादीत वेगळा उल्लेखच नाही; तिथल्या पुरुषाला बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, म्हणजे आणखी एक कागद.

विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येत नाही, अधिवक्ता कायदा ते होऊ देत नाही. पण हकिकत नीट उतरवून घेणं, तारखा जुळवणं, अर्ज लिहिणं त्याला जमतं. मानवी हक्क आयोगाकडच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत मात्र घटनेपासून एक वर्षाची, आणि अनेकांची ती अर्ज कुणी लिहायचा याच विवंचनेत निघून जाते.

जातपडताळणी समितीने दाखला अवैध ठरवला, तर दाद फक्त उच्च न्यायालयात मागता येते. सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे.