खालची गाडी मिळते, वरची मिळत नाही : जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनच्या देखभालीची पार्श्वभूमी

अमेरिकेत आज जो कोणी १९७० ते १९९६ या काळातली मोठी स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर थेट मागच्या टोकापर्यंत नेलेली लांब कौटुंबिक मोटार, सांभाळतो, त्याला पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच एक गोष्ट कळून चुकते. इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन यांचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते फार महागही नसतात. पण मागच्या दाराचे कुलूप, त्या दाराची रबरी बीडिंग, बाजूच्या लांब काचा किंवा मागे तोंड करून बसण्याच्या तिसऱ्या सीटची बिजागरे यांपैकी काही बिघडले, तर भंगाराच्या आवारात तशीच दुसरी गाडी सापडेपर्यंत थांबावे लागते. ही विषमता योगायोगाने आलेली नाही. स्टेशन वॅगन ही जन्मापासून दोन वेगळ्या वस्तूंची जोडणी होती : खाली दुसऱ्याच एखाद्या गाडीची चासी, म्हणजे इंजिन आणि चाके धरून ठेवणारा सांगाडा, आणि वर केवळ तिच्यासाठी घडवलेली बॉडी. तिची देखभाल एका बाजूने सोपी आणि दुसऱ्या बाजूने कमालीची अवघड का जाते, हे या जोडणीच्या इतिहासातूनच समजते.

अमेरिकेत रेल्वे स्टेशनला ‘डेपो’ म्हणण्याची रीत होती. गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना त्यांच्या ट्रंकांसकट हॉटेलात किंवा हवापालटाच्या ठिकाणी पोहोचवण्यासाठी जी वाहने उभी असत, त्यांना ‘डेपो हॅक’ म्हणत. ‘स्टेशन वॅगन’ हे नावही त्याच कामावरून आले. फोर्डची मॉडेल टी बाजारात आल्यावर तिची नुसती चासी विकत घ्यायची आणि तिच्यावर लाकडी बॉडी चढवून घ्यायची, अशी पद्धत रूढ झाली. या बॉड्या घडवणारे लोक मूळचे सुतार आणि बग्ग्या बनवणारे कारागीर होते. १९२३ साली ड्यूरांट मोटर्सने आपल्या ‘स्टार’ या गाडीची स्टेशन वॅगन कंपनीच्याच यादीतून विकायला काढली आणि १९२९ साली फोर्डने मॉडेल ए वॅगन मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. तिच्यासाठी लागणारे लाकूड मिशिगन राज्याच्या उत्तर भागात, आयर्न माउंटनजवळच्या फोर्डच्याच गिरणीत कापले जाई. तिथल्या लाकडाच्या तुकड्यांपासून फोर्डने कोळशाच्या विटा बनवायला सुरुवात केली; परसदारी मांस भाजण्यासाठी अमेरिकेत आजही घरोघरी वापरला जाणारा ‘किंग्जफोर्ड’ कोळसा म्हणजे त्याच उद्योगाचा वारस.

त्या लाकडी गाड्यांच्या मालकांचा अनुभव आजच्या मालकांच्या अनुभवाशी फार जुळतो. इंजिनाला काही झाले तर गावातला कोणताही मेकॅनिक ते दुरुस्त करू शके, कारण ते रस्त्यावरच्या लाखो फोर्ड गाड्यांतलेच इंजिन होते. बॉडीचे मात्र तसे नव्हते. दरवर्षी लाकूड घासून पुन्हा वार्निश द्यावे लागे, पावसाचे पाणी सांध्यांत शिरून लाकूड कुजे, आणि खडबडीत रस्त्यांवर सांधे ढिले होऊन गाडी कुरकुरू लागे. ती कोरड्या शेडमध्ये ठेवणे ही हौस नव्हती, गरज होती.

पोलादाने हा प्रश्न सोडवला, पण अर्धाच. शेवरोलेने १९३५ साली ट्रकच्या चासीवर पूर्ण पोलादी ‘सबर्बन’ आणली, १९४६ साली विलिस कंपनीची पोलादी जीप स्टेशन वॅगन आली, आणि १९४९ च्या प्लिमथ सबर्बनने साध्या कुटुंबाच्या मोटारीतही पोलादी वॅगन शक्य असल्याचे दाखवले. खऱ्या लाकडाची बांधणी असलेली शेवटची मोठी अमेरिकन वॅगन म्हणजे १९५३ ची ब्यूक रोडमास्टर इस्टेट. लाकूड गेले तरी लाकडाची ओढ गेली नाही. लाकडी वॅगन म्हणजे सुट्टीतले घर, घोडे, समुद्रकिनारा अशी श्रीमंतीची खूण होऊन बसली होती. त्यामुळे फोर्डच्या ‘कंट्री स्क्वायर’पासून पुढे पोलादाच्या पत्र्यावर लाकडाच्या रेषा छापलेली व्हिनाइलची पातळ पापुद्र्यासारखी चादर चिकटवली जाऊ लागली. थ्री-एम कंपनीच्या ‘डाय-नॉक’ या उत्पादनाने तिला नाव दिले आणि पुढची चाळीस वर्षे मोठ्या अमेरिकन वॅगनची हीच ओळख राहिली.

जुनी वॅगन सांभाळणाऱ्याला या चादरीपुढे नमते घ्यावे लागते. उन्हाने तिचा रंग उडतो, ती कोरडी पडून तिला भेगा जातात, आणि त्या भेगांतून आत शिरलेले पाणी पत्रा गंजवते. म्हणजे वरून केवळ फिकट दिसणारा डाग आतून पोखरलेला असू शकतो. ती काढताना उष्ण हवेने हळूहळू मऊ करावी लागते, मग खालचा गोंद साफ करावा लागतो आणि मगच खरी अवस्था कळते. अनेक जण कंटाळून तिथे एकसारखा रंग मारून मोकळे होतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, हे करू नये. ती चादर नकली आहे हे खरे असले, तरी त्या गाडीच्या वंशाची ती एकमेव उघड खूण आहे. ती पुसली की हाती उरते ती फक्त एक लांब मोटार.

दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका या गाडीला अनुकूल होती. शहरांबाहेर घरांच्या वसाहती वाढल्या, कुटुंबे मोठी होती, पेट्रोल स्वस्त होते, आणि १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे मंजूर झाले. चार फूट बाय आठ फुटांचा प्लायवूडचा तक्ता आत आडवा मावावा, ही मोठ्या वॅगनची कसोटी ठरली. आठवड्याचा बाजार, शेजारपाजारची मुले, टपावरचे सामान आणि मागे ओढायचा ट्रेलर हे सगळे एकाच गाडीने करायचे होते.

या सगळ्या कामाचा भार आला तो मागच्या दारावर, आणि आजच्या मालकाचा सर्वाधिक वेळही याच दारापाशी जातो. सुरुवातीला काच वर उचलून खालची फळी पुढे पाडायची अशी साधी रचना होती. पुढे काच दाराच्या पोटात उतरू लागली, तिला विजेची मोटर बसली. पण फळी पाडल्यावर तिच्यावरून वाकून आत पोहोचणे गैरसोयीचे होते, आणि मुलांना चढायला तर ती अडचणच होती. १९६६ साली फोर्डने यावर असा उपाय काढला की, तेच दार फळीसारखे खालीही पडे आणि नेहमीच्या दारासारखे बाजूलाही उघडे. इतर कंपन्यांनी लवकरच तो उचलला. रचना अतिशय हुशार होती. परंतु एका कोपऱ्यातल्या बिजागराला दोन्ही दिशांच्या हालचाली पेलाव्या लागत, आणि काच व मोटर पोटात घेतलेले दार वजनाला जड होते. वर्षानुवर्षांच्या वापराने ते किंचित खाली झुकते, मग कुलपे नीट बसत नाहीत, मग दार आदळून लावायची सवय लागते आणि झीज आणखी वाढते. काचेच्या फटीतून आत गेलेले पावसाचे पाणी बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी भोके ठेवलेली असतात. ती पानांनी आणि धुळीने बुजली की दार आतून गंजू लागते. एक तार घेऊन ही भोके वर्षातून दोनदा मोकळी करणे, हे पाच मिनिटांचे काम अनेक दारे वाचवू शकले असते.

जनरल मोटर्सने १९७१ ते १९७६ या काळातल्या मोठ्या वॅगनांत याहून धाडसी प्रयोग केला. काच वर छपरात सरके आणि खालचे दार गाडीच्या फरशीखाली नाहीसे होई; शिंपल्याची दोन कवचे उघडावीत तशी. या गाड्या अमेरिकेतल्या सर्वांत अवजड वॅगनांत मोडत. त्यांची लांबी १९ फुटांच्या आसपास होती आणि वजन ५,००० पौंडांच्या म्हणजे सुमारे सव्वादोन टनांच्या वर जाई. भिंतीला टेकून उभी असतानाही त्यांचे मागचे दार पूर्ण उघडता येई. पण त्या सोयीसाठी लागणारे रूळ, चाकोऱ्या आणि विजेची जोडणी दुसऱ्या कोणत्याही गाडीत नव्हती. सहा वर्षे बनलेली ही यंत्रणा पुढे कोणीच बनवली नाही, त्यामुळे ती आज चालू स्थितीत ठेवणारा माणूस स्वतःच तिचा तज्ज्ञ झालेला असतो.

याच ठिकाणी जिवाशी संबंध असलेली एक बाब सांगायला हवी. वॅगनची पाठ सपाट, उभी असते. गाडी पळत असताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो, आणि मागची काच उघडी असेल तर सायलेन्सरचा धूर उलट आत ओढला जातो. जुन्या गाडीत धुराच्या नळीला कुठे भोक पडले असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आणखी वाढतो. मागची बीडिंग आणि धुराची नळी यांची दुरुस्ती म्हणूनच शोभेच्या कामांत मोडत नाही.

ऑक्टोबर १९७३ च्या तेल निर्बंधांनंतर चित्र बदलले. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने प्रत्येक कंपनीच्या मोटारींना सरासरी मायलेजची अट घातली. १९७८ च्या मॉडेलांपासून ती लागू झाली आणि १९८५ पर्यंत गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला साधारण ११.७ किलोमीटर, हे लक्ष्य ठरले. जनरल मोटर्सने १९७७ सालीच आपल्या मोठ्या गाड्या आखूड आणि हलक्या केल्या. त्या वर्षीची चासी मूळ स्वरूपात १९९६ पर्यंत टिकली, आणि आजच्या मालकाच्या दृष्टीने ही या इतिहासातली सर्वांत भाग्याची गोष्ट आहे. कारण तीच चासी शेवरोले कॅप्रिसच्या पोलिसांच्या गाड्यांना आणि टॅक्सींना होती. ज्या गाड्या रात्रंदिवस पळतात त्यांचे सुटे भाग प्रचंड संख्येने बनतात आणि गाडी बंद झाल्यावरही दीर्घकाळ बनत राहतात. फोर्डच्या कंट्री स्क्वायरचेही तसेच झाले : वॅगन १९९१ ला थांबली, पण तिची चासी क्राउन व्हिक्टोरियाच्या रूपाने पोलिसांकडे २०११ पर्यंत बनत होती.

वॅगनच्या मुळावर कायद्याची दुसरी बाजू आली. ट्रक वर्गातल्या वाहनांसाठी मायलेजची अट वेगळी आणि सैल होती. १९९६ साली ती गॅलनला २०.७ मैल होती. १९८३ च्या अखेरीस आलेल्या क्रायस्लरच्या मिनीव्हॅन आणि पुढे १९९० पासून फोर्ड एक्सप्लोररसारखी वाहने याच वर्गात मोजली गेली. १९८५ पर्यंत सर्व राज्यांत लहान मुलांना खास सीटमध्ये बसवण्याचे कायदे झाले होते, आणि मागे तोंड केलेल्या तिसऱ्या बाकावर मुलांना दाटीवाटीने बसवण्याचे दिवस त्यामुळेही संपले.

जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनांची शेवटची पिढी १९९१ साली आली. तीत शेवरोले कॅप्रिस, ओल्ड्समोबिल कस्टम क्रूझर आणि ब्यूक रोडमास्टर इस्टेट या वॅगन होत्या. १९९४ पासून तिला ५.७ लिटरचे, २६० अश्वशक्तीचे एलटी१ इंजिन मिळाले. शेवरोलेच्या कोर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये त्याच घराण्यातले इंजिन होते, त्यामुळे त्याचे भाग आजही बनतात. त्याचा एक दोष मात्र सर्वांना माहीत आहे. ठिणगी वाटणारा ‘ऑप्टिस्पार्क’ हा भाग इंजिनाच्या पुढे, पाण्याच्या पंपाच्या खाली बसवलेला आहे. पंप गळू लागला की पाणी थेट त्याच्यावर पडते आणि गाडी अडखळू लागते. म्हणून पंपाखाली पहिला ओला डाग दिसताच पंप बदलावा. एका स्वस्त भागाची चालढकल महागड्या भागावर निघते. १९९३ पर्यंतच्या वॅगनांच्या एसीत आर-१२ हा वायू होता आणि अमेरिकेत त्याचे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले, त्यामुळे त्या गाड्यांत नव्या वायूला साजेसे बदल करून घ्यावे लागतात.

मराठी वाचकाला हे वॅगनमालक वाटतात तेवढे दूरचे नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या, आणि त्या गाड्या पुढे कित्येक दशके आपल्या मेकॅनिकांनी भाग घडवून घडवून चालत्या ठेवल्या. जे मिळत नाही ते लेथवर करून घ्यायचे, ही त्यांची रीत अमेरिकेतल्या वॅगनमालकालाही आता शिकावी लागते आहे.

रोडमास्टर आणि कॅप्रिस वॅगन टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात बनत. डिसेंबर १९९६ मध्ये तिथली शेवटची वॅगन बाहेर पडली आणि तोच कारखाना मोठ्या एसयूव्ही बनवू लागला. त्यांच्यात सबर्बनही होती, म्हणजे १९३५ ची ती पोलादी वॅगन, आता कायद्याच्या वहीत ट्रक म्हणून नोंदलेली. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत बर्फावर टाकलेल्या मिठाने उरलेल्या अनेक वॅगनांची चासी मागच्या बाजूने खाल्ली. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यांत चासी शाबूत राहिली, पण व्हिनाइल आणि डॅशबोर्ड उन्हाने तडकले. म्हणून जाणते मालक गाडी घेताना बॉनेट शेवटी उघडतात. ते आधी मागे जातात, दार दोन्ही दिशांनी उघडून पाहतात, तळाची भोके बोटाने चाचपतात; आणि जवळपास कुठे एखादी वॅगन भंगारात निघाल्याचे कळले की, तिचे इंजिन तसेच सोडून मागचे दार, लांब काचा आणि तिसरी सीट तेवढी उतरवून घरी आणून ठेवतात.